निकष क्रमांक सात मागे घ्या : आरोग्य संशोधक, निधी देणाऱ्या संस्था आणि नैतिकता समित्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

एचआयव्ही प्रतिबंधाच्या नव्या अभ्यासाचा अंतिम आराखडा मागच्या आठवड्यात माझ्या हाती आला. ज्यांच्यावर अभ्यास होतो त्या लोकांचं म्हणणं मांडणाऱ्या समुदाय सल्लागार मंडळावर मी आहे, म्हणून तो मला मिळाला. मी सगळ्यात आधी 'कोणाला घेणार नाही' ही यादी उघडली. निकष क्रमांक सात : मागील सहा महिन्यांत अमली पदार्थांचे सेवन केलेली व्यक्ती. निकष क्रमांक नऊ : संप्रेरक (हार्मोन) उपचार चालू असलेली व्यक्ती. पुढे प्रश्नावलीत 'लिंग' या शब्दासमोर दोनच चौकटी.

या तिन्ही गोष्टींवर आम्ही दोन वर्षं बोलत आलो. प्रत्येक बैठकीत हरकत नोंदवली, इतिवृत्तात ती लिहून घेतली गेली, चहा झाला, पुढची तारीख ठरली. आराखडा छापून आला तेव्हा एक अक्षरही बदललेलं नव्हतं. कारण विचारलं तर उत्तर आलं एका ओळीचं : 'या गटाच्या नियमित उपस्थितीची खात्री देता येत नाही.'

ती ओळ वाचल्यावर मला गप्प बसता येईना. हे पत्र तुम्हाला आहे, पण उघड लिहितो आहे, कारण बंद खोलीत सांगून झालं आहे. आणि हा प्रश्न एका अभ्यासापुरता नाही. अशा आराखड्यांत ही वाक्यं इतक्या सवयीने उतरवली जातात की ती कोणी, कधी, कशाच्या आधारावर लिहिली हे विचारायचंच राहून जातं.

मी कोण, ते सांगतो. मी समलिंगी पुरुष आहे. सतरा वर्षं एचआयव्हीसह जगतो आहे. त्यातली सहा वर्षं नशेत गेली. आधी धूर, मग सुई. आज माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत सापडणार नाही इतका कमी आहे आणि सुई सुटून बराच काळ झाला. चार अभ्यासांत मी सहभागी होतो. त्यातल्या दोन अभ्यासांच्या वेळी मी नशा करत होतो आणि ते कोणालाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याच दिवशी बाहेर. म्हणजे तुमच्या त्या दोन अभ्यासांच्या आकड्यांत माझं खोटं मिसळलेलं आहे. निकष सातमुळे नशा करणारे अभ्यासातून जात नाहीत. अभ्यासातून जातं ते खरं बोलणं. याची मला आजही लाज वाटते, पण त्या वेळी रक्ततपासणी, औषधं आणि आठवड्यातून एकदा नाव घेऊन विचारपूस करणारी नर्स हे सगळं गमावण्याची माझी तयारी नव्हती.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल. ती ट्रान्स स्त्री होती. हेरॉइन सोडण्यासाठी मेथाडोनवर होती, रोज ठरलेल्या वेळी रांगेत उभी राहून डोस घ्यायची. एचआयव्हीचं निदान झालं तेव्हा दुसऱ्या केंद्रात तिला जी औषधं सुरू झाली, त्यात एफाव्हिरेन्झ होतं. दुसऱ्या आठवड्यात तिला घाम फुटायला लागला, पोटात कळा, हाडं मोडल्यासारखं अंग, रात्र रात्र झोप नाही. नशा सोडताना होतो तो सगळा त्रास, आणि तोही डोस एकदाही न चुकवता. मेथाडोन देणाऱ्यांना वाटलं, ही डोस वाढवून घ्यायला नाटक करते आहे. एचआयव्हीची औषधं देणाऱ्यांना वाटलं, हिची नशा पुन्हा सुरू झाली. दोघांनीही तिला समज दिली. तिने आधी एचआयव्हीची औषधं सोडली, मग रांगेत जाणंही सोडलं. आठ महिन्यांनी ती न्यूमोनियाने गेली.

एफाव्हिरेन्झ यकृतातली विकरं (एन्झाइम) जोमाने कामाला लावतं, त्यामुळे मेथाडोन शरीरातून भराभर निघून जातं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येऊ शकतं. उपाय सोपा आहे : लक्ष ठेवायचं आणि मेथाडोनचा डोस वाढवायचा. हे तिच्या मृत्यूच्या कितीतरी आधी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं होतं. मला ते नंतर कळलं, एका परिषदेत, एका तक्त्यासमोर उभा असताना. त्या दिवशी मी पुढचं एकही भाषण ऐकू शकलो नाही.

ज्ञान होतं, पण ते एका कपाटात होतं आणि ती दुसऱ्या कपाटासमोर उभी होती. एचआयव्हीचं संशोधन एका दालनात, व्यसनाचं दुसऱ्या, लिंगभाव आणि लैंगिकतेचं तिसऱ्या. निधी वेगळा, परिषदा वेगळ्या, नियतकालिकं वेगळी. माणूस मात्र एकच असतो. मेरिल सिंगर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात 'सिंडेमिक' ही कल्पना मांडली ती यासाठीच : काही आजार आणि सामाजिक हालअपेष्टा एकमेकींना खतपाणी घालतात, त्या सुट्या करून मोजल्या तर हाती काहीच लागत नाही. २००३ मध्ये रॉन स्टॉल आणि सहकाऱ्यांनी शहरी समलिंगी पुरुषांच्या पाहणीत हे दाखवून दिलं. नैराश्य, अनेक प्रकारची नशा, जोडीदाराकडून होणारी मारहाण, लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार यांतल्या जितक्या गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, तितकं एचआयव्हीचं प्रमाण वाढत गेलं. आणि तुम्ही अजून अशाच माणसाला शोधता ज्याच्या वाट्याला यातलं फक्त एकच आलेलं आहे.

आता तुमच्या त्या एका ओळीकडे येतो. 'नियमित उपस्थितीची खात्री नाही.'

हेपटायटिस सी या यकृताच्या आजारावरच्या नव्या गोळ्या आल्या तेव्हा हेच म्हटलं जात होतं. सुया टोचणाऱ्यांमध्ये हा आजार सर्वांत जास्त, आणि मोठ्या चाचण्यांमधून चालू नशा करणाऱ्यांनाच बाहेर ठेवलेलं. मग 'सिम्प्लिफाय' नावाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घेतलेले १०३ जण सगळे अलीकडच्या काळात सुई टोचलेले होते. ९४ टक्के बरे झाले. औषध तेच, गोळ्या रोज घ्यायच्या, आणि निकाल इतर रुग्णांच्या तोडीचा.

दुसरं उदाहरण मेथअँफेटामिन या नशेचं. ती सोडवायला हमखास औषध अजून नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या गोळीची चाचणी दोनदा झाली. २०११ मध्ये निकाल आला तो ६० जणांवरचा, नंतरचा १२० जणांवरचा, आणि त्यात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांबरोबर ट्रान्स स्त्रियाही होत्या. दाखल होताना सगळे नशा करत होते. तीच तर अट होती. बहुतेक जण शेवटपर्यंत येत राहिले, गोळी घेणाऱ्यांची नशा कमी झाली. ज्यांच्याबद्दल 'खात्री देता येत नाही' असं तुम्ही लिहिता, त्यांनी दोन अभ्यास पुरे करून दाखवले. मग ती ओळ कोणत्या पुराव्यावर लिहिली? पुरावा असेल तर तो आम्हाला दाखवा. नसेल, तर तो पूर्वग्रह आहे, आणि आराखड्यात त्याला जागा नको.

निकष नऊबद्दल माझा राग वेगळा आहे. आयप्रेक्स ही प्रेपची, म्हणजे संसर्ग होण्याआधीच तो टाळण्यासाठी घ्यायच्या गोळीची, पहिली मोठी चाचणी, २०१० मध्ये निकाल आला. सहा देशांतले २,४९९ सहभागी, संसर्गात ४४ टक्के घट. आमच्यासाठी तो आनंदाचा दिवस होता, मी रडलो होतो. पण त्या २,४९९ मध्ये ३३९ जणी अशा होत्या ज्या स्वतःला स्त्री किंवा ट्रान्स म्हणवत होत्या किंवा स्त्रीत्वासाठी संप्रेरकं घेत होत्या. मूळ निकालात हे सगळे 'पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष' या नावाखाली जमा झाले. ट्रान्स स्त्रियांचं वेगळं विश्लेषण प्रसिद्ध व्हायला २०१५ उजाडलं, आणि त्यात दिसलं की औषधाच्या गटात ११ संसर्ग, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, गटात १०. म्हणजे एकूण ४४ टक्क्यांच्या पोटात त्यांच्यासाठी फायदा दिसतच नव्हता. कारणही त्याच विश्लेषणात सापडलं : संसर्ग झाला तेव्हा त्या अकरापैकी एकीच्याही रक्तात औषध नव्हतं. गोळ्या घेतल्या जात नव्हत्या. का घेतल्या जात नव्हत्या, हा खरा प्रश्न होता आणि तो पाच वर्षं विचारलाच गेला नाही.

मी एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आणि धोका असलेल्यांना सोबत करण्याचं काम करताना हा प्रश्न अनेकींना विचारला आहे. उत्तर जवळपास ठरलेलं : 'या गोळीने माझी संप्रेरकं निकामी झाली तर?' जिने स्वतःच्या शरीरासाठी घरदार गमावलं, ती एका गोळीपायी ते शरीर पणाला लावणार नाही. तिला खात्रीचं उत्तर हवं. थायलंडमधल्या ट्रान्स स्त्रियांवरच्या एका छोट्या अभ्यासाने २०१९ मध्ये ते बऱ्याच अंशी दिलं : प्रेपमुळे संप्रेरकांची पातळी घटत नाही, उलट संप्रेरकांमुळे टेनोफोव्हिरचं, म्हणजे प्रेपमधल्या औषधाचं, प्रमाण थोडं कमी होतं. हे उत्तर मिळालं कारण कोणीतरी संप्रेरकं घेणाऱ्या बायकांना अभ्यासात घेतलं. तुम्ही त्यांना वगळून त्यांच्यासाठी उत्तर कसं शोधणार आहात? ट्रान्स पुरुषांची तर अवस्था याहून वाईट. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या, पुरुषांशी संबंध असणाऱ्या माणसाला धोका किती, औषध किती घ्यावं, याबद्दल त्याला सांगायला माझ्याकडे फारच थोडं असतं.

आणि घेता येतं, हेही सिद्ध झालं आहे. संसर्ग टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकापाव्हिर या औषधाच्या 'पर्पज-२' चाचणीत ट्रान्स स्त्रिया, ट्रान्स पुरुष, नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारी) माणसं आराखड्यातच नावानिशी होती. २०२४ मध्ये निकाल आला : ते औषध घेतलेल्या २,१७९ जणांत दोन संसर्ग. सुया टोचणाऱ्यांसाठी मात्र वेगळी आणि कितीतरी लहान चाचणी आखली गेली. तिथेही ते मागेच.

यू बरोबर यू हे वाक्य आम्ही घरोघरी नेलं : विषाणू सापडत नाही, म्हणजे संबंधांतून पसरत नाही. पार्टनर-२ या अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांनी निरोधाशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध ठेवले आणि जोडीदाराकडून जोडीदाराला एकही संसर्ग गेला नाही. २०१९ ची ही गोष्ट. त्या एका शून्याने माझं आयुष्य बदललं. मी माझ्या जोडीदाराला न घाबरता मिठी मारायला शिकलो. पण सुई एकमेकांत वापरणाऱ्या दोन मित्रांनी मला विचारलं की 'आम्हालाही हे लागू आहे का?', तर मला सांगावं लागतं की तसं सिद्ध झालेलं नाही. तो अभ्यास लैंगिक संबंधांचा होता. सुईचा प्रश्न तितक्याच गांभीर्याने कोणी घेतलेलाच नाही. मी त्यांना नवी सुई वापरा म्हणतो, तेही मान डोलावतात, आणि आम्हा तिघांनाही माहीत असतं की नवी सुई दर वेळी मिळत नाही.

सुईवरून बँकॉकची चाचणी आठवते. सुया टोचणाऱ्या २,४१३ जणांवर टेनोफोव्हिर तपासलं, २०१३ मध्ये निकाल आला, संसर्ग ४८.९ टक्क्यांनी कमी. महत्त्वाचं काम होतं. पण त्या सहभागींना समुपदेशन, निरोध आणि सुई धुवायला ब्लीच मिळालं. निर्जंतुक सुया अभ्यासाकडून मिळाल्या नाहीत. संसर्ग रोखण्याचं सर्वांत साधं, सिद्ध साधन बाजूला ठेवून गोळीची परीक्षा घेतली गेली, आणि सहभागींच्या संघटनांनी त्या वेळीच यावर आक्षेप घेतला होता. कायदा आणि निधीच्या अटी आड आल्या, हे मला समजतं. पण नैतिकता समिती नावाची गोष्ट असते ती अशाच वेळी अडून बसण्यासाठी.

मला न्यायाने वागायचं आहे, म्हणून हेही लिहितो. कोणालाच कधी वगळू नका असं माझं म्हणणं नाही. नवं औषध माणसाला पहिल्यांदा देताना सावधगिरी हवी. एचआयव्हीच्या उपचारातली रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅटसारखी औषधं काही नशांचं शरीरातलं प्रमाण धोकादायक वाढवतात. तिथे आधी सुरक्षितता तपासा. पण तेव्हा धोका कोणत्या पदार्थाचा, कोणत्या मात्रेचा, ते लिहा. 'अमली पदार्थांचे सेवन' या तीन शब्दांत गांजा ओढणारा, महिन्यातून एकदा पार्टीत गोळी घेणारा आणि दिवसातून चारदा हेरॉइन टोचणारा असे तिघं एकत्र कोंबले जातात. हे शास्त्र नाही. हा 'गर्दुल्ला' या शब्दाचा शुद्ध भाषेतला अवतार आहे, आणि तो शब्द ज्याने अंगावर झेलला आहे त्याला तो कोणत्याही वेषात ओळखू येतो.

काळ कठीण आहे, हे तुम्ही मला खासगीत सांगितलंत. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने लैंगिक आणि लिंगभाव अल्पसंख्याकांच्या आरोग्यावरची शेकडो अनुदानं मध्येच रद्द केली, त्याचा धसका जगभरच्या संशोधकांनी घेतला आहे. दोन चौकटी त्यातूनच आल्या, हे मला कळतं. तुमची भीती खोटी नाही. पण कोणी सांगायच्या आधीच तुम्ही आमची नावं खोडलीत, तर उद्या आम्हाला शोधायला आलेल्यांना आम्ही कुठल्याच कागदावर सापडणार नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी औषधाची मागणीही नोंदवता येत नाही.

१९८३ मध्ये डेन्व्हरला एड्ससह जगणारी मोजकी माणसं एकत्र आली. औषध नव्हतं, मरण समोर होतं. त्यांनी मागितलं होतं ते हेच की निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला घ्या. त्यावर पुढे मार्गदर्शक तत्त्वं झाली. संयुक्त राष्ट्रांची एड्सविषयक संस्था यूएनएड्स आणि एचआयव्ही प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था एव्हॅक यांची, चाचण्यांत समुदायाला सहभागी करून घेण्याविषयीची तत्त्वं २००७ ची आहेत, २०११ मध्ये सुधारली. तुमच्या आराखड्याच्या प्रस्तावनेत त्यांचा उल्लेखही आहे. म्हणूनच पुढच्या मागण्या करताना मला संकोच वाटत नाही.

निकष सात आणि नऊ मागे घ्या. एखाद्या पदार्थाशी किंवा संप्रेरकाशी औषधाचा धोकादायक परस्परपरिणाम असेल तर तेवढाच, नावानिशी आणि पुराव्यासह लिहा, आणि वगळलेल्या माणसांसाठीचा अभ्यास कधी व कोण करणार हेही त्याच पानावर लिहा.

लिंगाचा प्रश्न दोन पायऱ्यांत विचारा : जन्माच्या वेळी काय नोंदलं गेलं आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता. उत्तर न देण्याची मुभा ठेवा. निकाल छापताना ट्रान्स स्त्रिया, ट्रान्स पुरुष यांचे आकडे वेगळे द्या, आकडा लहान असला तरी. पाच वर्षांनी नको.

नशेबद्दल आणि संबंधांबद्दल आम्ही जे सांगतो ते अनेक देशांत गुन्हा ठरतं. ती माहिती पोलिसांना, न्यायालयाला, मालकाला मिळणार नाही याची व्यवस्था आधी दाखवा. संमतीपत्रात 'गोपनीय राहील' एवढं वाक्य पुरत नाही. नाव आणि उत्तरं एका ठिकाणी ठेवू नका. खात्री देता येत नसेल तर तो प्रश्न विचारू नका.

सुया टोचणारे सहभागी असतील तर निर्जंतुक सुया आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन मिळण्याची सोय अभ्यासाचा भाग असू द्या. ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

सल्लागार मंडळाची हरकत फेटाळायची तर लेखी कारण द्या आणि ते नैतिकता समितीसमोर ठेवा. आम्हाला मत द्या. आणि अभ्यास संपल्यावर, किंवा मध्येच बंद पडल्यावर, निकाल आम्हाला आमच्या भाषेत सांगायला या. मी भाग घेतलेल्या चारपैकी तीन अभ्यासांत पुढे काय झालं, ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. माझं रक्त कुठल्या शीतपेटीत आहे, तेही नाही.

निधी देणाऱ्यांना एकच मागणी : एचआयव्ही, व्यसन आणि लिंगभाव या तिन्हींवर एकत्र काम करणाऱ्या अभ्यासांसाठी वेगळी तरतूद करा. आज असा प्रस्ताव घेऊन गेलेल्या तरुण संशोधकाला तिन्ही दारांतून 'हे आमच्या विषयात बसत नाही' म्हणून परत पाठवलं जातं. मी अशा दोघींना ओळखतो. दोघींनी विषय बदलला.

मी मंडळाचा राजीनामा देत नाही. पुढच्या बैठकीला येणार आहे आणि निकष सातच्या जागी घालायचा मजकूर सोबत आणणार आहे. तो असा : 'संमतीच्या वेळी जी व्यक्ती शुद्धीवर आहे आणि अभ्यास काय आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकते, ती पात्र आहे. तिच्या नशेची माहिती उपचारासाठी विचारली जाईल, तिला बाहेर काढण्यासाठी नाही.' माझ्या मैत्रिणीला हे दोन्ही जमलं असतं. तुम्ही तिला विचारायला हवं होतं.

आपला,
समुदाय सल्लागार मंडळाचा एक सदस्य